मीथचा करंडक, लाउथचा सामना

11 जुलै 2010, रविवार. डब्लिनच्या क्रोक पार्कवर लेन्स्टर प्रांताच्या गेलिक फुटबॉलचा अंतिम सामना संपत आला होता. सत्तर मिनिटं उलटून गेली होती, वाया गेलेल्या वेळेची भरपाई चालू होती आणि लाउथ एका गुणाने पुढे होतं. लाउथने हा करंडक त्याआधी 1957 साली जिंकला होता. त्या विजयाच्या वेळी शाळेत असलेली मुलं आता आजोबा होऊन स्टँडमध्ये बसली होती. मीथने एक उंच चेंडू गोलसमोरच्या गर्दीत टाकला. रेटारेटी झाली, माणसं एकमेकांवर पडली आणि चेंडू मीथच्या ज्यो शेरिडनच्या हाती लागला. तोल जात असतानाच तो चेंडू घेऊन रेषेवर कोसळला आणि चेंडू हाताने आत टाकला.

या खेळात चेंडू हातात घेता येतो, पण तो फेकून गोल करता येत नाही. चार पावलांपेक्षा जास्त चेंडू नुसता धरून पळताही येत नाही. मधे तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाच्या बोटांनी उडवून पुन्हा हाती घ्यावा लागतो. जोडीदाराला द्यायचा तर मुठीने वा पंजाने ठोकून द्यायचा. हे तिथल्या सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. टायरोन काउंटीहून आलेले पंच मार्टिन स्लडन गोलजवळच्या अंपायरशी थोडक्यात बोलले आणि त्यांनी गोल दिला. थोड्याच वेळात शेवटची शिट्टी वाजली. मीथ 1-12, लाउथ 1-10.

हे आकडे असे वाचायचे: पहिला आकडा गोलांचा, दुसरा पॉइंटांचा. चेंडू आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांड्यावरून, दोन उंच खांबांच्या मधून गेला की एक पॉइंट. म्हणजे लाउथचे तेरा गुण, मीथचे बारा, आणि एका क्षणात मीथचे पंधरा.

पुढची काही मिनिटं आयर्लंडमध्ये अनेकांना आजही विसरता येत नाहीत. लाउथचे काही प्रेक्षक मैदानात घुसले. स्लडन यांच्या अंगावर माणसं धावली, त्यांना ढकललं गेलं, मारलं गेलं. पोलीस आणि स्वयंसेवकांनी कडं करून त्यांना बाहेर नेलं. लाउथचे खेळाडू गवतावर बसून होते.

दुसऱ्या दिवशी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनने, तिकडे सगळे म्हणतात त्या जीएएने, निवेदन काढलं. गोल देण्यात आपली चूक झाली हे पंचांनी मान्य केलं आहे, असं त्यात म्हटलं होतं. त्याच्याच पुढे असंही होतं की सामना पुन्हा खेळवण्याचा आदेश देण्याचा अधिकार नियमांनी संघटनेला दिलेला नाही. फेरसामना व्हायचा तर तो मीथने देऊ करायला हवा. प्रांत, देश, खेळ सगळे मीथकडे पाहू लागले. मीथच्या काउंटी बोर्डाने विचार केला आणि फेरसामना देऊ केला नाही. निकाल कायम राहिला, प्रांताचा डेलनी करंडक मीथकडे गेला.

त्या दिवसापासून चाललेला वाद अजून थांबलेला नाही. तो समजून घ्यायचा तर आधी हे दोन शेजारी समजून घ्यायला हवेत.

लाउथ ही आयर्लंडच्या बत्तीस काउंट्यांमधली आकाराने सर्वांत लहान. तिला लाडाने ‘वी काउंटी’, म्हणजे चिमुकली काउंटी म्हणतात. मीथ तिच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला पसरलेली. प्राचीन राजांची टारा टेकडी मीथमध्ये, म्हणून ती ‘रॉयल काउंटी’. दोघींच्या सीमेवर बॉइन नदीकाठी ड्रोहेडा शहर आहे. ते लाउथचं मानलं जातं, पण त्याच्या वस्त्या मीथच्या हद्दीत पसरल्या आहेत. एकाच दुकानात, एकाच कारखान्यात, कित्येकदा एकाच घरात दोन्ही रंगांचे लोक असतात. लाउथचा लाल-पांढरा, मीथचा हिरवा-सोनेरी.

आणि खेळाडू विकत घेतलेले नसतात. जीएएच्या खेळाडूंना पगार नाही. क्रोक पार्कवर ऐंशी हजार माणसांसमोर खेळणारा मुलगा सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला, बँकेत किंवा गोठ्यात हजर असतो. तो ज्या गावच्या क्लबात लहानपणी खेळला त्या क्लबासाठी खेळतो आणि त्या क्लबाच्या काउंटीसाठी निवडला जातो. आपल्याकडे गावच्या जत्रेतल्या कबड्डी संघात जसा शेजारच्या आळीतला मुलगा असतो आणि त्याची चढाई आपल्याच घरची वाटते, तशी ही नाती आहेत. म्हणून हरण्याचं दुःख तिथे दूरचं राहत नाही. पराभूत खेळाडूची आई मंगळवारी बाजारात भेटते.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला चकित करते. या सामन्यांना दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना वेगळं बसवत नाहीत. इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये पोलिसांच्या रांगा लावून जे करावं लागतं, त्याची इथे गरज पडलेली नाही. मीथचा म्हातारा आणि लाउथची पोरगी खांद्याला खांदा लावून बसतात, एकमेकांना टोमणे मारतात, मध्यंतराला सँडविच वाटून खातात. पंचांच्या निर्णयावरची पहिली चर्चा तिथल्या तिथे, विरोधी पक्षाशीच होते. ती पुढे गाडीत, पबमध्ये, रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात आणि रात्री आरटीई या वाहिनीवरच्या ‘द संडे गेम’ या कार्यक्रमासमोर चालू राहते. 1979 पासून चाललेल्या त्या कार्यक्रमाने दोन पिढ्यांना एकच क्षण सहा कोनांतून पाहायची सवय लावली आहे.

मीथ-लाउथ वैर जुनं आहे आणि त्याला एके काळी बरोबरीची शान होती. 1950 मध्ये लाउथने मीथला हरवून प्रांत जिंकला आणि देशाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. 1957 मध्ये लाउथ कॉर्कला हरवून अखिल आयर्लंडचा विजेता झाला. मग लाउथची घसरण सुरू झाली आणि मीथ चढत गेलं. मीथकडे देशाची सात विजेतेपदं आहेत. त्यांतली चार 1987 ते 1999 या काळातली, वनौषधींचा व्यवसाय करणाऱ्या शॉन बॉइलन यांच्या व्यवस्थापनाखालची. त्या मीथची ख्याती एकच होती: शिट्टी वाजेपर्यंत हार मानायची नाही. 1991 मध्ये डब्लिनशी त्यांची प्राथमिक फेरी तीनदा बरोबरीत सुटली आणि चौथ्या सामन्यात अगदी शेवटच्या क्षणांत केविन फोलीच्या गोलनंतर मीथ एका गुणाने जिंकलं. ते चारही सामने किल्डेअरच्या टॉमी हॉवर्ड या एकाच पंचाने सांभाळले. चार सामने, एक पंच, आणि त्याच्या नावाचा आजही कोणी शाप म्हणून उच्चार करत नाही. हे मला फार मोठं वाटतं.

आता 2010 च्या वादातल्या दोन्ही बाजू. लाउथवाल्यांचं म्हणणं सोपं आहे: चूक झाली, पंचाने कबूल केली, साऱ्या देशाने पडद्यावर पाहिली. मग शेजाऱ्याने स्वतःहून ‘चला, पुन्हा खेळू’ म्हणायला हवं होतं. त्यांच्या हाताशी दाखलाही होता. ऑगस्ट 1998 मध्ये हर्लिंगच्या उपांत्य फेरीत पंच जिमी कूनी यांनी वेळ संपण्याच्या सुमारे दोन मिनिटं आधी शिट्टी फुंकली. क्लेअर पुढे होतं. ऑफलीचे प्रेक्षक क्रोक पार्कच्या गवतावर बसून राहिले, उठेनात. सामना पुन्हा थर्लसला झाला, ऑफली जिंकलं आणि त्याच वर्षी देशाचा विजेताही ठरलं. हर्लिंगही जीएएचाच खेळ. मग एका काउंटीला जे मिळालं ते दुसरीला का नाही?

मीथवाल्यांची उत्तरं जास्त गुंतागुंतीची आहेत आणि ती उडवून लावण्यासारखी नाहीत. 1998 चा सामना पूर्ण झालाच नव्हता, म्हणून तो पुन्हा खेळवता आला; 2010 चा पूर्ण झाला होता. गोलच्या आधी शेरिडनलाच पाडलं होतं, पंचांनी गोल नाकारला असता तर कदाचित मीथला पेनल्टी मिळाली असती, असंही ते सांगतात. लाउथने आधी घालवलेल्या संधींचा हिशेब ते मांडतात. आणि त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा असा: एकदा चुकीच्या निर्णयावरून फेरसामना दिला, तर दर आठवड्याला कोणीतरी तो मागेल. त्याच वर्षी डाउनने किल्डेअरला उपांत्य फेरीत 1-16 विरुद्ध 1-14 असं हरवलं, त्यात बेनी कुल्टरचा गोल झाला तेव्हा तो चेंडूआधीच गोलसमोरच्या लहान चौकोनात होता. नियमाप्रमाणे तो गोल बाद व्हायला हवा होता. किल्डेअरलाही फेरसामना मिळाला नाही. या किल्डेअरनेच त्याआधी मीथला उपांत्यपूर्व फेरीत घरी पाठवलं होतं, आणि लाउथला पात्रता फेरीत डब्लिनने. एका उन्हाळ्यात अन्यायाची देवघेव कशी फिरत गेली ते यातून दिसतं. त्या चौकोनाचा नियम 2012 मध्ये बदलला गेला.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. संघटनेने निर्णयाचं ओझं मीथवर, पर्यायाने त्यांच्या खेळाडूंवर टाकलं. विशीतली मुलं, पगार नसलेली, नुकताच प्रांताचा करंडक जिंकलेली. त्यांच्यापुढे देशाने प्रश्न ठेवला: तुम्ही सज्जन आहात की नाही? फेरसामना दिला असता आणि हरले असते तर गावात तोंड दाखवणं कठीण होतं. दिला नाही म्हणून पंधरा वर्षं चोर म्हणवून घ्यावं लागलं. जिंकलेल्याच्या मनाच्या मोठेपणावर न्याय सोपवायचा असेल तर नियमावली हवी कशाला?

आणि पंचाचं काय? तोही याच मातीतला, बिनपगारी. त्याला प्रवासखर्च आणि जेवण मिळतं, त्यापलीकडे फारसं काही नाही. गोलजवळ पांढरे कोट घालून उभे राहणारे चार अंपायर, प्रत्येक टोकाला दोन, बहुतेक वेळा पंच स्वतःच बरोबर आणतो. त्याच्या क्लबातले मित्र, भाऊ, मेहुणा. पहाटे एका गाडीत बसून ते निघतात, चेंडू वरून गेला की पांढरा झेंडा आणि गोल झाला की हिरवा झेंडा हलवतात, आणि संध्याकाळी त्याच गाडीतून परततात. हे ऐकायला छान वाटतं आणि ते छान आहेच; गावाने गावासाठी चालवलेल्या खेळाचं हेच तर बळ आहे. पण 2010 च्या त्या क्षणी स्लडन यांना जे मत हवं होतं ते रेषेवर उभ्या असलेल्या, गर्दीत चेंडू नीट न दिसलेल्या, जवळच्या माणसाचं होतं. दूरदर्शनवर तीच गोष्ट कोणालाही दिसत होती आणि ती पाहण्याची त्यांना परवानगी नव्हती.

2013 पासून क्रोक पार्कवर हॉक-आय आहे. ती यंत्रणा चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून, एवढंच सांगते. शेरिडनने चेंडू फेकला का, नेला का, हे ती सांगू शकत नाही. तंत्रज्ञान आलं आणि सर्वांत दुखरा प्रश्न होता तिथेच राहिला.

चूक मान्य करणाऱ्या पंचाचं काय होतं, याचं एक वेगळं उदाहरण डेव्हिड गॉफ यांचं आहे. मीथचे, डब्लिनमध्ये राहणारे आणि शिक्षक असलेले गॉफ 2016 च्या डब्लिन-केरी उपांत्य सामन्याचे पंच होते. शेवटच्या मिनिटांत डब्लिनच्या केविन मॅकमॅनमनने केरीच्या पीटर क्राउलीला धडक दिली. फ्री किक मिळाली नाही आणि केरी दोन गुणांनी हरलं. ती द्यायला हवी होती, असं गॉफ यांनी नंतर सांगितलं. तीन वर्षांनी, डब्लिन सलग पाचव्या विजेतेपदासाठी खेळत असताना, अंतिम सामन्यासाठी पुन्हा गॉफ यांचीच नेमणूक झाली. समोर पुन्हा केरी. डब्लिनमध्ये राहणारा माणूस डब्लिनच्या सामन्याला कसा चालेल, असा सूर केरीकडून उघडपणे लागला. 1 सप्टेंबर 2019 ला गॉफ यांनी केरीला पेनल्टी दिली आणि डब्लिनच्या जॉनी कूपरला दुसरं पिवळं कार्ड दाखवून बाहेर काढलं. सामना 1-16, 1-16 असा बरोबरीत सुटला. आता डब्लिनवाले चिडले. फेरसामना डब्लिनने जिंकला, तोवर दोन्ही बाजूंचे लोक एकाच माणसावर आळीपाळीने रागावून झाले होते.

सामन्यानंतरचा राग पबमधल्या गप्पांत जिरतो तोवर ठीक. ऑक्टोबर 2022 मध्ये रॉसकॉमन काउंटीत अल्पवयीन मुलांच्या सामन्यात पंचावर हल्ला झाला आणि त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. काउंटीने त्या दिवसांतले बालगटाचे सामने थांबवले. मुलांचा सामना! तिथे ना करंडक होता, ना पन्नास वर्षांची प्रतीक्षा. क्रोक पार्कवर स्लडन यांच्यावर उठलेले हात आणि एका छोट्या मैदानावर उठलेला हा हात यांच्यात मला सरळ रस्ता दिसतो. मोठ्यांनी टीव्हीवर जे माफ केलं ते धाकट्या मैदानांवर उतरलं. लाउथचं दुःख कितीही खरं असलं तरी त्या दिवशी मैदानात धावलेल्यांच्या बाजूने एकही शब्द बोलता येत नाही, आणि लाउथच्या बहुसंख्य प्रेक्षकांनीही तो बोललेला नाही.

जीएएने यावर अखेर काही केलं ते 2025 च्या नव्या नियमांत. डब्लिनचे माजी व्यवस्थापक जिम गॅव्हिन यांच्या समितीने खेळाची बरीच मोडतोड करून नवी मांडणी केली. 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला दोन गुण आणि त्यासाठी नारिंगी झेंडा, हे सगळ्यांच्या नजरेत भरलं. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा नियम: पंचाशी हुज्जत घातली, की चेंडू 50 मीटर पुढे. फाऊल दिल्यावर चेंडू समोरच्याच्या हाती नीट दिला नाही, तरी 50 मीटर. पंचाभोवती घोळका करून ओरडणं, चेंडू लाथाडणं या सवयी त्यामुळे कमी झालेल्या दिसतात. हा नियम खेळाडूंसाठी आहे. स्टँडमधल्या माणसासाठी असा नियम करता येत नाही.

नियमांच्या चिंध्या कशा होऊ शकतात हे 2023 च्या अखिल आयर्लंड क्लब अंतिम सामन्यातही दिसलं. दक्षिण डब्लिनच्या किलमकड क्रोक्सने डेरीच्या ग्लेनला 1-11 विरुद्ध 1-9 असं हरवलं. पण शेवटच्या खेळीच्या वेळी किलमकडचे पंधरापेक्षा जास्त खेळाडू मैदानात होते, कारण बदली झालेले बाहेर गेले नव्हते. ग्लेनने तक्रार केली. या वेळी नियम लागू होत होता, संघटनेने फेरसामन्याचा आदेश दिला, किलमकडने त्याला आव्हान दिलं आणि शेवटी वैतागून ग्लेननेच माघार घेतली. पुढच्या वर्षी ग्लेन मैदानावर जिंकून देशाचा विजेता झाला. म्हणजे मैदानात एक माणूस जास्त असेल तर फेरसामना मागता येतो, पण फेकलेल्या चेंडूवर दिलेल्या गोलसाठी, पंचाने चूक कबूल केली तरी, मागता येत नाही. ही विसंगती कोणत्याही काउंटीच्या माणसाला समजावून सांगता येणार नाही.

मग मे 2025 उजाडला. लेन्स्टरच्या अंतिम सामन्यात पुन्हा लाउथ आणि मीथ. मीथने उपांत्य फेरीत डब्लिनला धक्का दिला होता. लाउथ त्याआधीची दोन वर्षं अंतिम सामन्यात डब्लिनकडून हरलं होतं. क्रोक पार्कला साठ हजारांवर माणसं जमली, आणि पंधरा वर्षांपूर्वीचा गोल न आठवणारं त्यांत क्वचितच कोणी असेल. लाउथने 3-14 विरुद्ध 1-18 असा विजय मिळवला. तेवीस गुण एकवीसला. कर्णधार सॅम मलरॉयने डेलनी करंडक उचलला. अडुसष्ट वर्षांनी लाउथमध्ये तो आला.

हिशेब फिटला, असं त्या संध्याकाळी अनेकांनी म्हटलं. मला ते पटत नाही. 2025 च्या मुलांनी स्वतःचा सामना जिंकला. 2010 च्या मुलांचा सामना त्याने परत येत नाही. त्यांच्यातले बहुतेक केव्हाच निवृत्त झाले, आणि लेन्स्टरचं पदक त्यांच्या घरात नाही. मीथच्या मुलांच्या घरात ते आहे, पण त्या पदकाची गोष्ट सांगताना त्यांना दर वेळी खुलासा करावा लागतो. मला विचाराल तर मीथने त्या आठवड्यात फेरसामना द्यायला हवा होता. त्याहून जास्त, तो प्रश्न त्यांच्यापुढे यायलाच नको होता. जिथे पंच स्वतः लेखी सांगतो की निकाल ठरवणारा गोल माझ्या चुकीमुळे दिला गेला, तिथे फेरसामन्याचा आदेश देण्याचा अधिकार जीएएने आपल्या हाती घ्यायला हवा. नियम बदलण्याची वाट या संघटनेला ठाऊक आहे: कोणताही क्लब ठराव मांडू शकतो, तो काउंटीच्या सभेत मंजूर झाला की वार्षिक काँग्रेसपुढे जातो. तो ठराव मीथच्या एखाद्या क्लबने मांडावा आणि लाउथने त्याला अनुमोदन द्यावं.